न मम म्हटल्यावर

माधव परवा सकाळी आला तेव्हा मी संध्येच्या आसनावरून नुकता उठलो होतो. तो पडवीच्या पायरीवर ओल्या छत्रीसह उभा राहिला आणि वर यायला तयार होईना. त्याचे वडील वासुदेव, ज्यांना आमच्या खाडीकाठच्या चार गावांत सारे वासूभट म्हणत, त्यांना जाऊन त्या दिवशी आठ दिवस झाले होते. माधवाने खाली पाहतच सांगितले की बाबांनी जाण्यापूर्वी दोन गोष्टी बजावल्या होत्या. बाराव्या दिवसाचे शय्यादान नारायणकाकांनी, म्हणजे मी, स्वीकारावे, आणि गादी सावरीच्या कापसाची असावी. गादी बाजारात हसनचाचांकडे भरायला टाकली आहे. मग तो म्हणाला, “कापूस घरचा आहे, एवढंच काकांना सांग, असं म्हणाले.”

मी त्याला उद्या उत्तर देतो म्हणून परत पाठवले. तो उद्या कालच होऊन गेला. वासू आणि मी विजयदुर्गाकडच्या एका पाठशाळेत सात वर्षे एका पंक्तीला जेवलो, एका घोंगडीवर झोपलो. त्याच्या अखेरच्या इच्छेला ‘हो’ म्हणायला मला दोन दिवस लागावेत, हे माझे मलाच शोभत नाही. पण ते का लागले हे सांगायचे तर वासू कसा होता तेच सांगावे लागेल.

शय्यादान घेणारा ब्राह्मण आजकाल मिळत नाही आणि पूर्वीही सहज मिळत नसे. गेलेल्या माणसाच्या नावाने गादी, उशी, पांघरूण, छत्री, पादुका असे सारे द्यायचे, आणि घेणाऱ्याने त्या गादीवर क्षणभर तरी पाठ टेकायची. हे दान घेतले की मृताचे काही अंगाला चिकटते अशी समजूत. आमच्यातले बहुतेक जण शाल घेत, दक्षिणा घेत आणि गादीच्या वेळी कोणाला तरी पुढे करीत. वासू मात्र आपणहून पुढे सरकत असे. त्यामुळे लोकांनी त्याचे नाव गादीभट ठेवले. त्याला ते ठाऊक होते. कोणी तोंडावर म्हटले तर तो म्हणे, “होय तर. तुमका सगळ्यांका एक दिवस माझ्याकडेच निजूक येवचा आसा.”

त्याच्या घरात स्वयंपाकघरावर एक माळा होता. त्या माळ्यावर वाशांना बांधलेल्या दोरांवर गाद्या गुंडाळून टांगलेल्या असत. भिंतीला एकही टेकलेली नसे. खाली चूल पेटली की तिची ऊब आणि किंचित धूर वर जाई, आणि भर आषाढात, जेव्हा आमच्याकडे मिठाच्या बरणीतही पाणी सुटते, तेव्हा त्याच्या माळ्यावरची गादी हाताला कोरडी लागे. गाद्या राखणे हे त्याने कोणाकडून शिकले, मला माहीत नाही. पाठशाळेत आमच्या गुरुजींची गादी उन्हात टाकण्याचे काम त्याच्याकडे होते, एवढे आठवते. आम्ही इतर जण त्या कामाला शिक्षा समजत होतो. तो मात्र सकाळचे दव पूर्ण उडेपर्यंत दारात उभा राहून अंगण न्याहाळी.

त्याची रीत ठरलेली होती. वैशाखात तीन दिवस ऊन. गादी थेट जमिनीवर टाकायची नाही, खाली बांबूचा तट्टा हवा. माध्यान्हीला एकदा उलथायची. वेताच्या छडीने तिरकी झोडायची, टाक्यांवर मारायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुपार कलून समुद्रावरचे खारे वारे सुटायच्या आत ती घरात आली पाहिजे. “दिवसभर खाल्लेला ऊन त्या वाऱ्यात अर्ध्या घटकेत वाया जाता,” असे तो म्हणे. मीठ कापसात शिरले की पहिल्या पावसाबरोबर ते पाणी ओढते आणि गादी आतून कुजते. आत आणलेली गादी लगेच बांधायची नाही. ती निवली पाहिजे, नाहीतर गुंडाळीत तिला घाम फुटतो. मग वाळवलेला निरगुडीचा पाला, वेखंडाचे चार तुकडे आणि धुवून मऊ झालेले जुने धोतर. गादी कधी दुमडायची नाही. हलक्या हाताने गुंडाळायची, दोर सैल बांधायचा. श्रावणात एखादे दिवशी उघडीप मिळाली की पुन्हा एकदा सोडून वारा द्यायचा.

हे सारे तो मंत्र सांगावा तशा स्वरात सांगे, आणि ऐकणाऱ्याने चुकीचा शब्द घातला तर थांबवून दुरुस्त करी.

एकदा मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाने आजोबांच्या बाराव्याला दुकानातून थेट स्पंजाची गादी आणली, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. वेष्टन तसेच ठेवून दान द्यावे, म्हणजे ती स्वच्छ राहील, असा त्यांचा सद्हेतू होता. वासूने संकल्प सांगायला नकार दिला. आधी प्लास्टिक कापा, म्हणाला. थोरल्या मुलाने शहरी विनयाने विचारले की भटजी, त्याने काय फरक पडतो. वासूने त्याला जवळ बोलावले, त्याच्या नाकातोंडावर स्वतःचे उपरणे हलकेच धरले आणि विचारले, “आता कसा वाटता?” सारे हसले. मुलगाही हसला आणि त्याने कात्री आणली. मग वासू त्या गादीवर आडवा झाला, दोनदा वरखाली उसळला आणि गंभीरपणे म्हणाला की आजोबांना झोप लागेलसे वाटत नाही, पण मी त्यांची समजूत घालीन.

त्याची एक श्रद्धा होती, आणि ती शास्त्रात कोठे नाही हे मी त्याला वारंवार दाखवून दिले होते. जोवर गादी मऊ आहे तोवर ज्याच्या नावाने ती दिली तो सुखाने निजतो, असे तो मानी. म्हणून आलेल्या प्रत्येक गादीवर तो तीन रात्री स्वतः झोपे, आणि मग ती माळ्यावर चढे. कोणती कोणाची हे त्याला पाठ असे. अंगणात गाद्या पसरल्या की तो त्यांच्यामधून चालताना गेलेल्या माणसांची नावे घेई, पाहुण्यांची चौकशी करावी तशी. मला ते भाबडेपणाचे वाटे. पुढे ते भाबडेपण माझ्याच गरजेचे झाले.

माझी पत्नी सुमती. आमच्या परसात एक सावरीचे झाड आहे. चैत्रात त्याची बोंडे फुटतात आणि रेशमासारखा कापूस वाऱ्यावर निघतो. तो पिंजता येत नाही, कारण पिंजाऱ्याच्या धनुकलीचा एक ठोका बसला की तो उडून जातो. दारे-खिडक्या लावून, वारा बंद करून, बोटांनी एकेक बी काढावे लागते. सुमतीने तीन चैत्र तो कापूस जमवला. बंद खोलीतून ती बाहेर येई तेव्हा तिचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या झालेल्या असत. एकदा वासू त्याच वेळी दारात उभा होता. तो म्हणाला, “वयनी, आज बघलंय तुमका म्हातारपणी.” ती म्हणाली, “आताच बघून घ्या. मागाहून माका जमात की नाय.” ते ती हसतच म्हणाली होती.

गादी भरायला हसनचाचा आमच्याच घरी आले. बाजारात त्यांचे कापूस पिंजायचे यंत्र आहे, पण सावरीच्या कामाला ते यंत्राकडे फिरकत नाहीत. त्यांची एक पद्धत आहे, त्यांच्या वडिलांपासूनची. गादीचे शेवटचे तोंड ते हातभर उघडे ठेवतात, दाभण खाली ठेवतात आणि घरच्या माणसाला सांगतात की हात घालून पाहा. आतला कापूस घरच्या हाताने पाहिल्याखेरीज ते तोंड शिवत नाहीत. सुमतीने कोपरापर्यंत हात घातला. चाचांनी तेवढा वेळ मान वळवून बंद खिडकीकडे पाहिले. मग त्यांनी मलाही विचारले. मी सोवळ्यात होतो, पूजेला बसायचे होते. मी म्हटले, तिने पाहिले तेवढे पुरे. खोळ निळ्या पट्ट्यांच्या जाड कापडाची होती, आणि तिच्या एका कोपऱ्यावर सुमतीने लाल दोऱ्याने लहानसे कमळ भरले होते.

नवी गादी पावसात वापरायची नाही, नवरात्रात घालू, असे तिने ठरवले. श्रावण संपता संपता ती गेली. त्या गादीवर ती एकदाही निजली नाही.

शय्यादानाला न वापरलेली गादी लागते. घरात तेवढी एकच होती. मी ती वासूला दिली. हातावर पाणी सोडले, ‘न मम’ म्हटले. आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकवताना या दोन शब्दांचा अर्थ मी फळ्यावर कितीदा लिहिला असेल. माझे नाही. दिले ते सुटले. त्या दिवशी पाणी सोडताना वासूने माझा हात क्षणभर धरून ठेवला आणि पुटपुटला, “नारायणा, मी हिका जपतलंय. तू भियां नको.” त्या विधीत घेणाऱ्याने असे काही बोलायचे नसते.

पुढच्या वैशाखात मी त्याच्याकडे गेलो. बोलावले नव्हते, पण मी येणार हे त्याला कळले असावे. निळ्या पट्ट्यांची गादी त्याने वेगळ्या तट्ट्यावर, सोप्याच्या सावलीपासून दूर, एकटी पसरली होती. मी तिच्या कोपऱ्याशी बसलो, कमळावर हात ठेवला. सावरीचा कापूस उन्हात फुगतो आणि दाबला की हाताला परत ढकलतो. वासू पाणी आणून ठेवून आत निघून गेला. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. दुसऱ्या वर्षीही तसेच झाले, तिसऱ्या वर्षीही, चौथ्या वर्षीही. ज्याने ‘न मम’ म्हटले त्याने दिलेल्या वस्तूशी जाऊन बसणे हे शास्त्राला धरून नाही, हे जाणूनही मी गेलो. वर्षभरात तो एकच दिवस होता जेव्हा मला तिच्याशी काही बोलावेसे वाटे आणि बोलता येई. तो दिवस वासूने मला दिला आहे अशी माझी समजूत होती, आणि देवघरात मी त्याच्यासाठी त्या दिवशी एक दिवा अधिक लावीत असे.

गेल्या वर्षी, दिवाळीनंतर, एक उशी भरून घ्यायला मी हसनचाचांच्या दुकानात गेलो. ते आता कमी दिसणाऱ्या डोळ्यांनी काम करतात आणि जास्त बोलतात. माझा आवाज ओळखून त्यांनी बसायला पाट दिला आणि सुमतीच्या कापसाची आठवण काढली. म्हणाले, “गुरुजीनू, तसो कापूस मी जन्मात दोनदा बघलंय. वयनीनी भरलो तेवा एकदा, आणि माधवच्या होमस्टेसाठी सोडलो तेवा एकदा. दोन वर्सां झाली होती, पण एक गाठ नाय आत.”

मी विचारले, कोणता कापूस सोडलात.

त्यांना वाटले मला ठाऊकच असणार. त्यांनी सरळ सांगून टाकले. माधवाने घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या तेव्हा वासूने माळ्यावरची ती गादी उतरवली. चाचांना घरी बोलावून, दारे लावून, कापूस काढून नव्या दोन खोळींत भरायला लावला. वासू स्वतः दाराला पाठ लावून बसला होता, वारा येऊ नये म्हणून. “आणि जुन्या खोळीत माझ्याकडच्यो गिरणीच्यो चिंध्यो भरूक लावल्यान. मी म्हटलंय, भटजीनू, चिंध्यांका इतकी बरी खोळ कित्या? तर म्हणाले, ऱ्हवांदे, गुरुजी येतत बघूक.”

चाचा हे कौतुकाने सांगत होते. मी उशी तेथेच ठेवून निघालो.

वासू पडवीत बसून वाती वळत होता. मला वैशाखाखेरीज आलेला पाहून त्याने हातातली वात खाली ठेवली नाही, पण वळायची थांबवली. मी उभ्यानेच विचारले की सुमतीची गादी कोठे आहे. त्याने खोटे सांगितले नाही. तो म्हणाला, “पाठीमागच्या खोलयेत. दोनव खोलयेत.”

“दोन वर्षे मी कशावर हात ठेवला?”

 मान वर करून, पाठशाळेत वाद घालताना त्याचा आवाज जसा चढे तसा, तो म्हणाला, “दिलंस तेवा काय म्हटलंस? तूच म्हटलंस ना, न मम? माझी झाली ती. माझ्या झिलाच्या खोलयेत गेली. तेच्यात माझा काय चुकला, दाखव माका.”

मी दाखवू शकलो नाही. त्याचे काहीच चुकले नव्हते. जे दान सुटले त्यावर माझा कोणताही हक्क उरला नव्हता, हे त्याच्यापेक्षा मला अधिक नेमके ठाऊक होते. पण मी गेलो होतो तो हक्क सांगायला नाही.

“मग खोळ का ठेवलीस, वासू?”

“तू येतंस म्हणान.”

“मी कोणाला भेटायला येत होतो?”

त्याच्या बोटांतली वात सुटली आणि उलगडून नुसता कापूस झाली.  मी वाट पाहिली. मग मी घरी आलो.

त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. कापूस पर्यटकांखाली गेला याचे दुःख मला तितकेसे झाले नाही. परगावचे दमलेले लोक सुमतीच्या हातच्या कापसावर निजले तर ती रागावली नसती. मला डाचत राहिली ती चिंध्यांवर ठेवलेल्या माझ्या तळव्याची जागा. त्याने पाणी आणून ठेवले आणि तो आत जाऊन उभा राहिला. आत उभ्या राहिलेल्या त्या माणसाला माहीत होते, आणि बाहेर बसलेल्याला नव्हते. आणि ज्याने सात वर्षे एका घोंगडीवर निजून माझा श्वास ओळखला होता, त्याने माझ्या हाताला काही कळणार नाही हे ओळखले. खरोखरच कळले नाही. सुमती असती तर तिने बोट टेकताच विचारले असते. सोवळ्याचे निमित्त करून मी त्या दिवशी हात घातला नव्हता, हे मला तेव्हापासून वारंवार आठवते.

या वर्षी वैशाखात मी डोळे दाखवायला मालवणला गेलो होतो. परतताना रिक्षा वासूच्या घरावरून आली. दुपार कलली होती. अंगणात, सोप्याच्या सावलीपासून दूर, वेगळ्या तट्ट्यावर निळ्या पट्ट्यांची गादी एकटी पसरलेली होती. वासू तिच्याशी गुडघे टेकून बसला होता. त्याला ती एकट्याने उलथता येत नव्हती. एक कडा उचलून तो थांबे, मग दुसरी. उलथून झाल्यावर त्याने कमळ वरच्या बाजूला येईल अशी ती फिरवली आणि कपाळावर हात धरून रस्त्याकडे पाहिले.

मला रिक्षाच्या पडद्याच्या फटीतून माडांची झावळे एका बाजूला कललेली दिसत होती. खारे वारे सुटून बराच वेळ झाला होता. पाठशाळेच्या दिवसांपासून मी त्याला ओळखतो, पण त्या वाऱ्यात त्याने कधी गादी बाहेर ठेवलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी त्याने ती ठेवली होती आणि तो रस्त्याकडे पाहत होता. मी रिक्षावाल्याला थांब म्हटले नाही. वळणावर त्याचे अंगण झाडांआड गेले.

आज सकाळी माधव पुन्हा आला. पायरीवरच उभा. त्याच्या दोन्ही खोल्या पावसामुळे बंद आहेत, पर्यटक दिवाळीनंतर येतील, असे त्याने आपणहून सांगितले. मी त्याला घरचा कापूस म्हणजे कोणाच्या घरचा, हे विचारले नाही. मला ते त्याच्या तोंडून ऐकायचे नाही.

मी त्याला म्हटले, “दान घेईन. पण हसनचाचांना सांग, तोंड शिवू नका. मी स्वतः येतो. हात घालून पाहीन, आणि मगच पाणी सोड.”